कोय लावावी कीं कलम ?

“हापुसाची कोय लाविली, मग फळ हापुसाचें कां नाहीं ?” असा प्रश्न शेतकरीबंधु वारंवार विचारतात. नेरे (तालुका पनवेल) येथील आमच्या परसांतहि उत्तम हापुसाची एक कोय आम्हीं हौसेनें रुजविली. नऊ वर्षें वाट पाहिली, आणि फळ आलें तें आंबट व रेषाळ. दोष मातीचा नव्हता. त्याचें कारण पेशींच्या विभाजनांत आहे.

प्रत्येक झाड सूक्ष्म पेशींचें बनलेलें असून पेशीच्या केंद्रकांत गुणसूत्रें असतात. तींच झाडाचें दप्तर होत. आंब्याच्या पेशींत तीं 40 असतात. 20 मातृवृक्षाकडून व 20 परागाकडून आलेलीं. खोड, पान, मूळ वाढतांना जें विभाजन होतें त्यास सूत्री विभाजन म्हणतात. त्यांत प्रथम प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते व एका पेशीच्या दोन होऊन प्रत्येकीस पूर्ण 40 मिळतात. आम्हीं महसूल खात्यांत जन्मभर नकला केल्या. पण इतकी बिनचूक नक्कल आमच्या हातून क्वचितच उतरली.

फुलांत परागकण व बीजांड तयार होतांना मात्र अर्धगुणसूत्री विभाजन होतें. येथें नक्कल एकदां व वांटणी दोनदां होते. म्हणून एकीच्या चार पेशी होऊन प्रत्येकीच्या वांट्यास 20 च गुणसूत्रें येतात. शिवाय वांटणीपूर्वीं जोडीचीं गुणसूत्रें आपसांत तुकड्यांची अदलाबदल करितात, आणि जोडींतलें कोणतें कोणाकडे जावें याचा नेम नसतो. फलधारणेंत 20 व 20 मिळून पुन्हां 40 होतात. संख्या तीच, दप्तर नवें. हापुसाच्या कोयींतून एकच रोप येतें व तें या मिश्रणाचेंच असतें.

कलमाची डोळकाडी सूत्री विभाजनानेंच वाढते. म्हणून हापूस हापूसच राहतो. परंतु फळांत साका होण्याची त्याची प्रवृत्तीहि तशीच राहते. ती सुटावयाची तर नवी वांटणीच हवी. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रांत नीलम व हापूस यांच्या संकरांतून साका न होणारा ‘रत्ना’ निघाला. 1981 सालीं कोंकण कृषि विद्यापीठानें तो प्रसारित केला. पुढें रत्ना व हापूस यांपासून पातळ कोयीचा ‘सिंधु’ 1992 सालीं आला.

तात्पर्य, बाग लावणारानें खात्रीच्या मातृवृक्षाची डोळकाडी घ्यावी व कोय खुंटासाठीं ठेवावी. मात्र रायवळाचें झाड फळ चाखल्यावांचून तोडूं नये; प्रत्येक कोय ही नवी वांटणी आहे. आमचें तें झाड आम्हीं राखिलें आहे. त्याची कैरी लोणच्यास उत्तम लागते.