स्वमग्न, पण स्वतःत किती मग्न?

‘ऑटिझम’ला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. भाषांतर म्हणून शब्द चोख आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मूळ नाव घडवले, तेही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना ते वापरले आणि पुढे ते तिथेच चिकटले. पण ‘स्वमग्न’ म्हटले की स्वतःच्याच विचारांत बुडालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. एवढा बुडालेला म्हणजे आपल्या मनात काय चालले आहे हे त्याला पक्के ठाऊक असणार, असे आपण धरून चालतो. संशोधन वाचताना मला मात्र हे गृहीतक डळमळीत होताना दिसले.

मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत क्वालिटी विभागात उमेदीची वर्षे गेली. वाचन झाले ते पाळी संपल्यावर. त्या कामाने एक फरक अंगी मुरवला. मायक्रोमीटरने पार्टचे माप घेणे ही एक गोष्ट आणि घेतलेल्या मापावर किती भरवसा ठेवायचा हे कळणे ही दुसरी. दुसरीसाठी मायक्रोमीटरचेच कॅलिब्रेशन करावे लागते. मनाचेही असेच आहे. विचार करणे वेगळे आणि ‘मी आत्ता असा विचार करतो आहे’, ‘मला हे नक्की आठवते आहे’ हे उमगणे वेगळे. या दुसऱ्या क्षमतेचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७०च्या दशकात रुजवला.

ऑटिझमच्या संशोधनात आधी भर होता दुसऱ्याचे मन ओळखण्यावर. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा एक खेळ रचला. बाहुलीला जे ठाऊक नाही ते ध्यानात ठेवून उत्तर द्यायचे होते. ऑटिझम असलेल्या २० पैकी १६ मुलांचे उत्तर चुकले. स्वतःच्या मनाचे काय, हा प्रश्न जोरात विचारला गेला तो नंतर.

त्यातला मला सर्वांत बोलका वाटलेला प्रयोग डेव्हिड विल्यम्स आणि फ्रान्सेस्का हापे यांचा, २००९ मधला. जुनी चाचणी अशी होती: गोळ्यांचे खोके दाखवायचे, आत काय आहे विचारायचे, मूल ‘गोळ्या’ म्हणते, उघडल्यावर निघते पेन्सिल. मग विचारायचे, ‘उघडण्याआधी तुला आत काय आहे असं वाटलं होतं?’ या दोघांना शंका आली, की मूल इथे आपला विचार आठवते की आपण उच्चारलेला शब्द? म्हणून त्यांनी बोलणेच काढून टाकले. जखमेवर लावायची पट्टी आणायला मुलाला सांगायचे. मूल पट्ट्यांचे खोके उचलते. आत निघते भलतेच. इतर मुलांना दोन्ही चाचण्या सारख्याच गेल्या. ऑटिझम असलेल्या मुलांना ही दुसरी जास्त अवघड गेली. तोंडाने म्हटलेले आठवत होते, नुसते मनात आलेले हाती लागत नव्हते.

त्याआधी १९९४ मध्ये रसेल हर्लबर्ट यांनी हापे आणि फ्रिथ यांच्यासोबत ॲस्पर्गर असलेल्या तीन प्रौढांना एक बीपर दिला होता. तो वाजला की त्या क्षणी मनात काय होते ते टिपायचे. तिघांच्या सांगण्यात मुख्यतः चित्रे आली. बहुतेकांच्या मनात चालते ती आतली बडबड जवळजवळ नव्हती. अर्थात माणसे तीनच. आणि स्मरणाची खात्री तपासणाऱ्या पुढच्या प्रयोगांचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत फरक दिसतो, काहींत दिसत नाही. ऑटिझम असलेल्यांना आत्मभानच नसते, असे कुणी म्हणू लागले तर ती घाई ठरेल. टेम्पल ग्रँडिन यांनी आपण चित्रांत कसा विचार करतो यावर १९९५ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले आहे.

आपल्याकडे याचा संबंध रोजच्या प्रश्नांशी येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला स्वतंत्र स्थान दिले. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरतात, तिच्यातले ४० मुद्दे निरीक्षणातून आणि पालकांशी बोलून भरले जातात. लहान मुलाच्या बाबतीत दुसरा इलाजही नाही. पण निगडी-चिंचवडमधले तेच मूल अठरा-वीस वर्षांचे होऊन कामाला लागू पाहते, तेव्हा त्याला थेट मनाबद्दल विचारले जाते. ‘का चिडलास?’ ‘समजलं ना नक्की?’ मुलगा ‘माहीत नाही’ म्हणाला तर हट्टी ठरतो, ‘हो’ म्हणाला आणि काम चुकले तर खोटारडा. त्याने दोन्ही वेळा प्रामाणिक उत्तर दिलेले असू शकते, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही.

अशा वेळी पट्टीच्या खोक्याचा प्रयोग कामी येईल असे मला वाटते. काम सुरू करण्याआधी ‘आता काय करणार आहेस?’ असे विचारून उत्तर मोठ्याने म्हणायला लावावे किंवा लिहून घ्यावे. नंतर आठवायला निदान शब्द तरी राहतात. चित्र काढू दिले तर आणखी बरे. आणि ‘समजलं का?’ या प्रश्नाऐवजी हातात गो-नो-गो गेज द्यावे. एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. पार्ट बरोबर आहे की नाही हे तिथल्या तिथे दिसते, त्यासाठी कुणालाही आपल्या मनात डोकवावे लागत नाही. चाकणच्या लाइनवर हे गेज सगळेच ऑपरेटर वापरतात.