मुलांचे मैदान आणि मोठ्यांचे अंदाजपत्रक

बालोद्यानाचे उद्घाटन हा आपल्या नागरी जीवनातील एक ठरीव समारंभ आहे. रंगवलेली घसरगुंडी, चार झोके, भोवती लोखंडी कुंपण आणि प्रवेशद्वारावर नामफलक. दोन-चार वर्षांत झोक्यांच्या साखळ्या तुटतात, पत्रा गंजतो; आणि मुले शेजारच्या बांधकामावरील वाळूच्या ढिगाऱ्यावर रमलेली दिसतात. त्यांना हटकण्यापूर्वी, त्या ढिगाऱ्यात त्यांना असे काय सापडते, हे आपण पाहावयास हवे.

डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सोरेन्सन यांनी ते पाहिले. सजवलेल्या क्रीडांगणापेक्षा मुले टाकाऊ सामानात अधिक रमतात, हे ओळखून त्यांनी १९३१ साली ‘भंगार-मैदाना’ची कल्पना मांडली. जर्मन फौजांच्या ताब्यातील कोपनहेगनमध्ये, एम्ड्रुप येथे, १९४३ साली ती प्रत्यक्षात उतरली. फळ्या, विटा, माती, हत्यारे आणि देखरेखीला एक जाणता माणूस, एवढेच तिचे भांडवल. युद्धानंतर ॲमस्टरडॅममध्ये वास्तुरचनाकार आल्डो व्हॅन आइक यांनी १९४७ ते १९७८ या काळात सातशेहून अधिक क्रीडास्थळे रचली, त्यांतील कितीतरी पडीक जागांवर. वाळूचा हौद, काँक्रीटचे बुटके ठोकळे, नळ्यांच्या कमानी. कोणत्याही वस्तूचा उपयोग ठरवून दिलेला नव्हता.

मर्म येथेच आहे. घसरगुंडी मुलाला एकच कृती सांगते. ओली वाळू मात्र त्याला आकार, वजन आणि माप शिकवते. ठोकळ्यावरून उडी घेणारे मूल अंतराचा आणि स्वतःच्या बळाचा अंदाज बांधते. फळ्यांचे घर करताना मुले भांडतात, समेट करतात आणि त्यातूनच भाषा व व्यवहार शिकतात. आपल्याला हे नवीन नाही. लगोरीला सात चपटे दगड व एक चेंडू, सूरपारंब्यांना एक वड, भातुकलीला करवंट्या पुरत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे परिसरातील वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडवली.

मग आपण तेच ते लोखंड का उभारतो? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर अवघड नाही. लोखंडी साधन हा भांडवली खर्च आहे. त्याची निविदा निघते, मोजमाप होते, त्यावर नाव कोरता येते. वाळू चाळणे, रोपांना पाणी घालणे, सायंकाळी एक जाणती व्यक्ती नेमणे हा आवर्ती खर्च; त्याला ना फलक, ना फीत. जे सर्वांत उपयुक्त, तेच अंदाजपत्रकात सर्वांत अनाथ.

मुलांना इजा होईल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु गंजलेला खिळा हा धोका आणि चढण्याजोगी उंची हे आव्हान, हा भेद केला पाहिजे. पहिला दूर करणे आपले कर्तव्य. दुसरे हिरावून घेणे हा मुलांवर अन्याय.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवले. तथापि मैदान असणे आणि तेथे खेळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या घरी पाय पसरावयासही जागा नाही, त्यांना दुसरे अंगण नसते. म्हणून नगरपालिकांनी बालोद्यानाच्या मंजूर रकमेतील निश्चित वाटा देखभालीसाठी आणि माणसासाठी आधीच राखून ठेवावा. रस्ता पुढील वर्षी करता येतो. पाच वर्षांच्या मुलाचे बालपण पुढील अंदाजपत्रकात ढकलता येत नाही.