स्क्रूड्रायव्हरने उघडू नये असे कुलूप

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव. कुठल्याही बसस्थानकाबाहेर उभे राहिले तर मोबाइल दुरुस्तीची दोन-चार दुकाने नजरेच्या टप्प्यात येतातच. काउंटरवर निळी रबरी चटई, भिंग लावलेला दिवा, चिमटे, टोकाला काजळी धरलेली सोल्डरिंग आयर्न आणि सुईसारखे बारीक स्क्रूड्रायव्हर. कारागीर फोनची पाठ उघडतो, बोर्डावर फुंकर मारतो आणि एखादा जॅक बदलून दहा मिनिटांत फोन परत देतो.

हा स्क्रूड्रायव्हर आणि ही सोल्डरिंग आयर्न जगभरच्या चित्रपट-व्यवसायाच्या करारांमध्ये नावानिशी लिहिलेली आहे. एखाद्या कंपनीला डीव्हीडी प्लेअर किंवा एचडीएमआयची जागा असलेला टीव्ही बनवायचा असेल, तर चित्र कुलूपबंद ठेवणाऱ्या तंत्राचा परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्याच्या करारासोबत एक जोडपत्र असते: यंत्र किती मजबूत असावे याचे नियम. त्यांचा मथितार्थ असा, की स्क्रूड्रायव्हर, चिमटे, जोडतारा, सोल्डरिंग आयर्न अशी बाजारात सहज मिळणारी हत्यारे वापरून कुलूप तुटता कामा नये. चिप वाचणारी उपकरणे आणि प्रोग्राम उलगडून पाहणारी सॉफ्टवेअरे ही त्यापुढची पायरी. त्यांनीही ते तुटू नये. शेवटची पायरी प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांची. तिथेसुद्धा काम अवघड जावे, एवढी खबरदारी घ्यायची. कुलूप निकामी करणारे एखादे बटण किंवा छुपा स्विच यंत्रात ठेवायचा नाही. उलगडलेले चित्र यंत्राच्या आतून जाताना ज्या वाटेवर कोणालाही तार लावता येईल, अशा वाटेने जाऊ द्यायचे नाही.

कायद्याच्या भाषेत हत्याराचे नाव क्वचितच येते. इथे ते आले, कारण करार करणाऱ्यांना आपला खरा सामना कोणाशी आहे हे ठाऊक होते. तो एखाद्या टोळीशी नव्हता. हुशार हातांच्या आणि हाताशी वेळ असलेल्या कोणत्याही माणसाशी होता.

चित्रपट गावोगाव पेटीतून फिरत होता तेव्हा प्रश्न निराळा होता. अडीच तासांच्या चित्रपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म सरळ पसरली तर साडेतेरा हजार फूट, म्हणजे चार किलोमीटरहून लांब भरते. ही रिळे पत्र्याच्या पेट्यांत घालून टॉकीजपर्यंत आणायची. 'पेटी आली का?' या प्रश्नावर पहिला खेळ अवलंबून असायचा. मोठ्या शहरांत चालून झालेली, ओरखडे पडलेली प्रिंट लहान गावात पोहोचायला कित्येक आठवडे लागत. छेडछाडीचे साधन तेव्हा कात्री होते. खेळ लवकर आटोपायचा म्हणून गाणे कापणे, तुटलेला तुकडा फेकून देऊन पुढचा चिकटवणे, हे केबिनमध्ये चालायचे. वितरकाचा माणूस तिकिटे मोजायला हजर असे, पण पडद्यावर काय गाळले गेले ते मोजायला कोणी नसे.

वितरणाच्या नकाशाबद्दल इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, पण चित्रपट वितरकांच्या बोलण्यात बीड, परभणी, नांदेड हा मुलूख पुढेही 'निजाम सर्किट'मध्येच मोजला जात राहिला. चित्रपटाचे हक्क सर्किटनुसार विकले जात. बीडच्या पडद्यावर काय लागणार आणि कधी, हे त्या जुन्या सरहद्दीवर बेतलेल्या करारांवर अवलंबून असे. प्रेक्षकाला त्यातले काही दिसत नसे.

पेटी गेली आणि फाइल आली. २००२ मध्ये हॉलिवूडच्या सात मोठ्या स्टुडिओंनी मिळून 'डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज' ही संस्था काढली, आणि जुलै २००५ मध्ये तिने डिजिटल चित्रपटगृहासाठीची नियमावली जाहीर केली. सुरक्षेला तिच्यात फार मोठी जागा आहे. चित्रपट हार्ड डिस्कवर येतो, पण कुलूपबंद. त्याची किल्ली वेगळ्या छोट्या फाइलमधून येते. ती किल्ली एकाच चित्रपटाची, एकाच यंत्रापुरती आणि ठरलेल्या तारखा-वेळांपुरती असते. शेजारच्या टॉकीजमधल्या यंत्रात ती घातली तर काही घडत नाही. मुदत संपली की खुद्द त्या यंत्रातही नाही. 'पेटी आली का?' हा प्रश्न संपला आणि 'की आली का?' हा सुरू झाला.

किल्ली ज्या पेटीत उघडते ती पेटी पाहण्यासारखी आहे. सर्व्हरमधला हा भाग कोणी फोडायला गेले, तर तो आतली गुपिते स्वतःच पुसून टाकतो. ही चौकी पेटी बंद असतानाही जागी राहावी म्हणून आत बॅटरी असते. करोनाच्या काळात जगभरची चित्रपटगृहे महिनोन्‌महिने बंद होती. महाराष्ट्रातली मार्च २०२० मध्ये बंद झाली, मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर चालली, पुन्हा बंद पडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या काळात यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या मालकांना सांगत होत्या: खेळ नसला तरी यंत्र अधूनमधून चालू करा. बॅटरी संपली तर यंत्राची ओळखच पुसली जाईल आणि ते कारखान्यात पाठवावे लागेल. छेडछाड कोणी केलेली नसायची, पण वीज नसणे आणि छेडछाड होणे यांतला फरक त्या पेटीला कळत नाही.

प्रोजेक्टर आणि ही पेटी यांचे नाते जुळवण्याला नियमावलीत 'मॅरेज' म्हणजे लग्न असा शब्द आहे. दोघांमधली जोडणी तोडली गेली की हे नाते तुटल्याची नोंद होते आणि कुलूपबंद चित्रपट दाखवायला यंत्र नकार देते. मग अधिकार असलेल्या माणसाने प्रत्यक्ष यंत्रापाशी येऊन ते पुन्हा जोडायचे. घड्याळही ऑपरेटरच्या हातात नसते. वर्षभरात सहा मिनिटांपलीकडे ते मागेपुढे करता येत नाही, कारण घड्याळ फिरवता आले तर किल्लीच्या मुदतीला काही अर्थच उरणार नाही.

एवढे करूनही पडद्यासमोर कॅमेरा धरणाऱ्याला कुलूप अडवू शकत नाही. त्याच्यासाठी खूण असते. चित्रात आणि आवाजात डोळ्याला न दिसणारी, कानाला न जाणवणारी ३५ बिटांची एक नोंद मिसळलेली असते. तिच्यातले १६ बिट वेळ सांगतात, पंधरा मिनिटांच्या नेमकेपणाने. उरलेले १९ यंत्र कोणते ते सांगतात. पाच मिनिटांच्या प्रत्येक तुकड्यात ही नोंद पूर्ण असावी आणि चोरी कुठल्या पडद्यावरून आणि कधी झाली याचा माग निघावा, अशी ही रचना आहे. भारतात अशा खुणेची ताकद २०१७ च्या मे महिन्यात दिसली. 'बाहुबली २'ची चोरलेली प्रत दाखवून निर्मात्यांकडे पंधरा लाख रुपये मागणाऱ्या टोळीला हैदराबाद पोलिसांनी पकडले. प्रतीतल्या खुणेवरून माग निघाला तो थेट बिहारमधल्या बेगुसरायच्या एका चित्रपटगृहापर्यंत.

हॉलिवूडची ही यंत्रणा महाग होती. भारतातल्या तालुक्याच्या टॉकीजला ती झेपणारी नव्हती, म्हणून इथे वेगळी वाट निघाली. मुंबईच्या यूएफओ मूव्हीजने २००५ पासून उपग्रहावरून चित्रपट थेट टॉकीजच्या सर्व्हरवर उतरवायला सुरुवात केली. चेन्नईच्या क्यूबचीही अशीच सेवा होती. यंत्र बहुतेकदा कंपनीचेच, भाडेकराराने दिलेले. खेळ दाखवण्याचे लायसन्सही तिच्याकडूनच यायचे. प्रिंटचा खर्च गेल्यामुळे नवा चित्रपट पहिल्याच शुक्रवारी आडगावच्या पडद्यावर लागू लागला. मराठी निर्मात्यांना याचा फार मोठा उपयोग झाला, कारण शंभर प्रिंट काढण्याची ऐपत त्यांच्यापैकी थोड्यांचीच होती. मात्र ही यंत्रे हॉलिवूडच्या नियमावलीत बसत नसल्याने तिथले स्टुडिओ त्यांच्यावर आपले चित्रपट देत नव्हते. कुठल्या गावात इंग्रजी चित्रपट लागणार, हे प्रेक्षकांच्या आवडीइतकेच यंत्राच्या मजबुतीच्या कलमावरही ठरत होते.

या भाडेकरारांचा पुढचा भाग कडू आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने १६ एप्रिल २०२५ च्या आदेशात यूएफओ आणि क्यूब या दोन्ही कंपन्यांना दंड केला: यूएफओ आणि तिच्या उपकंपनीला १ कोटी ४ लाख, क्यूबला जवळपास १ कोटी ६६ लाख रुपये. दुसऱ्या कंपनीने प्रक्रिया करून दिलेले चित्रपट भाड्याच्या यंत्रावर दाखवण्यावर करारांनी जी बंधने घातली होती, ती स्पर्धेला मारक आहेत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. चोरी रोखणारे कलम आणि गिऱ्हाईक बांधून ठेवणारे कलम एकाच करारात, एकाच बारीक टाइपात छापलेले असते. पडदा चालवायचा तर सही करावी लागते. त्या दोन कलमांतला फरक टॉकीजच्या मालकाला कोणी त्याच्या भाषेत समजावून सांगत नाही, आणि ही फार मोठी उणीव आहे.

करार किती नाजूक धाग्यावर उभा असतो, हे डीव्हीडीच्या गोष्टीत दिसते. डीव्हीडीचे कुलूप उघडण्याच्या किल्ल्या प्लेअर बनवणाऱ्यांना कराराने दिल्या होत्या. त्या लपवून ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती. झिंग नावाच्या एका कंपनीने आपल्या संगणकी प्लेअरमध्ये किल्ली नीट लपवली नाही. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या पंधरा वर्षांच्या योन योहान्सेन या मुलाचे नाव डीव्हीडीचे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामशी जोडले गेले, आणि तो प्रोग्राम जगभर पसरला. मुलावर खटला चालला. २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष सुटला, कारण स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहणे हा न्यायालयाला गुन्हा वाटला नाही. सही कंपनीची होती. मुलाने कशावरच सही केलेली नव्हती.

करार सही करणाऱ्याला बांधतो. बाकीच्यांना बांधायचे तर कायदा लागतो. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आणले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा आहे. फोन दुरुस्त करणारा कारागीर बोर्ड उघडतो म्हणून गुन्हेगार ठरत नाही. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चित्रपट चोरून चित्रित करणाऱ्यासाठी किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षे कैद ठेवली. दंड किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मोठ्या चोऱ्या मात्र अनेकदा स्क्रूड्रायव्हरशिवायच होतात. 'उडता पंजाब' जून २०१६ मध्ये प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला, तो सेन्सॉरसाठी दिलेल्या प्रतीतून. तशी खूण त्या चित्रावरच होती. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा एक भाग वेळेआधी फुटला, तेव्हा महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली. त्यांचा संबंध, स्टार इंडियासाठी काम करणाऱ्या ज्या तंत्रसेवा कंपनीच्या ताब्यात तो भाग होता, तिच्याशीच होता. कुलूप मजबूत होते. किल्ली ज्यांना सांभाळायला दिली होती, गळती तिथे होती.

आता कुलूप खिशात आले आहे. अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन नावाची गूगलची व्यवस्था असते. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत किल्ली आणि चित्र प्रोसेसरच्या वेगळ्या, बंदिस्त कप्प्यात उलगडतात. तिसरीत सारे काम साध्या सॉफ्टवेअरमध्येच होते. तिसऱ्या पायरीच्या फोनवर मोठ्या सेवा चित्र सहसा ४८० ओळींपुरतेच देतात, मग पडदा कितीही उत्तम असो आणि वर्गणी पूर्ण भरलेली असो. स्टुडिओंशी केलेल्या करारामुळे त्यांना ते भाग पडते. २०१७ चा वनप्लस ५ हा महागडा फोनही पहिल्या पायरीशिवाय आला होता. पुढच्या वर्षी कंपनीने ती सोय द्यायचे ठरवले, तेव्हा ग्राहकांना फोन प्रत्यक्ष कंपनीकडे पाठवावे लागले, कारण किल्ली हवेतून पाठवणे सुरक्षित मानले गेले नाही. ज्याचा बोर्ड बदलला किंवा ज्यावर वेगळी प्रणाली टाकली, असा फोन पहिल्या पायरीवरून तिसऱ्यावर घसरू शकतो. मग ग्राहक बसस्थानकाजवळच्या त्याच दुकानात येतो आणि चित्र धुरकट दिसते म्हणून तक्रार करतो. कारागीर डिस्प्ले तपासतो. डिस्प्ले ठीक असतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटककडे निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. पूर्वी निघण्याआधी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्ड गाण्यांनी आणि चित्रपटांनी भरून घेतले जाई. त्यातले बहुतेक सारे चोरीचे असे. आता घरातल्या शिकत्या मुलाच्या फोनवर रीतसर वर्गणीचे ॲप असते, आणि गावात रेंज आहे तोवर तो दोन-तीन चित्रपट उतरवून ठेवतो. त्या उतरवलेल्या प्रतीलाही किल्ली असते आणि किल्लीला मुदत असते. बऱ्याच सेवांवर एकदा पाहायला सुरुवात केली की ४८ तास. त्यानंतर फोन इंटरनेटला जोडून किल्ली नव्याने घ्यायची. फडाशेजारच्या कोपीवर अंधार पडल्यावर फोन उघडला जातो. चित्रपट फोनमध्येच असतो, त्याचे नाव आणि चित्रही दिसते. खाली ओळ येते, की पाहण्यासाठी पुन्हा जोडा. रेंज कारखान्याच्या रस्त्यावर मिळते. तिथवर बैलगाडी पहाटे जाणार असते.