सामाईक कपाट, सामाईक छापयंत्र

बेंगळूर शहराच्या ऐन मध्यात चिकपेट ही जुनी बाजारपेठ आहे. केंपेगौडाने १५३७ साली शहराची उभारणी केली, तेव्हा दक्षिणोत्तर जाणारी दोड्डपेट म्हणजे मोठी पेठ आणि तिला छेदून पूर्वपश्चिम जाणारी चिक्कपेट म्हणजे लहान पेठ, असे दोन मुख्य रस्ते आखले गेले. त्यांच्याभोवती धंद्यांच्या पेठा वसल्या. तांदळाची अक्किपेट, कापसाची अरळेपेट. पुढे १६३८ साली आदिलशाही फौजेने हे शहर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठीचा व या शहराचा संबंध जडला. त्या पेठांची रचना साधी होती. रस्ता सर्वांचा, दुकान ज्याचे त्याचे. रस्ता मोकळा म्हणून कोणी कोणाच्या गल्ल्यात हात घालीत नसे.

ज्या दोड्डपेटेला आज अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणतात, ती उत्तरेकडे चालत गेल्यास म्हैसूर बँकेचा चौक लागतो आणि तेथून सेंट्रल कॉलेजचे जुने आवार जवळ आहे. १९६४ साली बेंगळूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हे महाविद्यालय त्यात सामील झाले. उलट दिशेला, चिकपेटेलगतच्या एस. पी. रोडवर, संगणकाच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरलेला असतो. विद्यापीठाच्या एखाद्या विभागातील दहापंधरा संगणक, एक मोठी साठवण आणि एक प्रिंटर परस्परांना जोडण्यास जे सामान लागते, म्हणजे तारा, जोडखुंट्या आणि स्विच नावाची पेटी, ते सारे येथे एका फेरीत मिळू शकते. मात्र एक गोष्ट कोणत्याच दुकानात मिळत नाही. जोडलेल्या वस्तूंपैकी कोणती कोणी वापरावी, हा निर्णय त्या विभागालाच करावा लागतो. तो नीट झालेला नसला म्हणजे तारा धड असूनही कामे अडतात, आणि कधी कधी वर्षांची मेहनत एका दिवसात नाहीशी होते.

मुळात वस्तू सामाईक कराव्यात ही कल्पना निघाली कशी? कारण अगदी व्यवहारी होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेसर किरणाने छापणारे यंत्र बनविले आणि १९७३ साली प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येईल असा ‘आल्टो’ संगणकही तयार झाला. संगणक अनेक, पण छापयंत्र फार महाग. ते प्रत्येकाला देणे शक्य नव्हते. तेव्हा सर्व संगणकांना त्या एका यंत्रापर्यंत पोचविणारा मार्ग हवा होता. त्याच वर्षी रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ या जोडणीची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. आज जगभरच्या कचेऱ्यांत जी तार भिंतीतून निघून संगणकाला लागते, तिच्या जन्मामागे एका छापयंत्राची वाटणी होती.

भारतातही ही विद्या प्रथम विद्यापीठीय वर्तुळातच रुजली. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ‘अर्नेट’ हा शिक्षण-संशोधनासाठीचा जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात बेंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पाच आय. आय. टी. संस्था पहिल्यापासून होत्या.

विभागातील सामाईक साठवण म्हणजे शेअर्ड ड्राइव्ह, हे खरे पाहता दुसऱ्या खोलीत ठेवलेले एक कपाट आहे. वापरणाऱ्याच्या पडद्यावर ते ‘झेड’ किंवा ‘एच’ अशा एखाद्या अक्षराने दिसते आणि आपल्याच संगणकाचा भाग असल्याचा भास होतो. वस्तुतः प्रत्येक फाइल तारेवरून येते व तारेवरूनच परत जाते. हे कपाट उघडण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कपाट कोठे आहे? मागणारा कोण? आणि त्याला काय करण्याची मुभा आहे?

पहिला प्रश्न पत्त्याचा. विंडोज पद्धतीत हा पत्ता दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होतो. मग सेवा देणाऱ्या संगणकाचे, म्हणजे सर्व्हरचे नाव, पुन्हा एक रेघ, आणि शेवटी कपाटाचे नाव. एक रेघ चुकली तरी पत्ता सापडत नाही. पण पत्ता अचूक असूनही दार लागत नाही असे वारंवार घडते, आणि त्याचे कारण बहुधा स्थळाचे असते. वसतिगृहातील किंवा पाहुण्यांसाठीचे बिनतारी जाळे निराळे, विभागाचे निराळे. बाहेरून आत येण्यासाठी विद्यापीठे व्ही. पी. एन. नावाचा बंदिस्त मार्ग देतात. तो आधी उघडावा लागतो.

दुसरा प्रश्न ओळखीचा. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड यांवर ही ओळख पटते. पण पासवर्ड दर वेळी तारेवरून पाठविणे धोक्याचे, कारण वाटेत कोणीही ऐकू शकतो. या अडचणीवरचा तोडगाही एका विद्यापीठातच निघाला. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९८३ साली ‘अथेना’ प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून ‘केर्बेरॉस’ ही व्यवस्था जन्मली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावर पहारा करणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. हिची रीत तिकिटघरासारखी आहे. सकाळी एकदा ओळख पटवावी, तिकीट घ्यावे, आणि दिवसभर जेथे जावे तेथे ते दाखवावे. पासवर्ड स्वतः तारेवरून जातच नाही. एक अडचण मात्र नेहमीची आहे. माणूस पासवर्ड बदलतो, पण त्याचा संगणक जुनाच लक्षात ठेवून तोच पुढे करीत राहतो. दार उघडेनासे झाले की आधी ही जुनी आठवण पुसावी.

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि खरी मेख येथेच आहे. वाचणे, लिहिणे आणि पुसून टाकणे हे तीन वेगवेगळे अधिकार होत. विंडोज पद्धतीत ते दोन ठिकाणी नोंदलेले असतात, एकदा कपाटाच्या दारावर आणि पुन्हा आतल्या कप्प्यांवर. जाळ्यावरून येणाऱ्याला या दोहोंपैकी अधिक कडक नियम लागू होतो. म्हणून दार उघडते, फाइल दिसते, पण त्यात एक अक्षरही पालटता येत नाही. वापरणारा यंत्राला दोष देतो, पण यंत्राने दिलेली आज्ञाच पाळलेली असते. शहाणा विभाग हे अधिकार एकेका व्यक्तीला न देता गटांना देतो. अध्यापकांचा गट, कार्यालयाचा गट, संशोधक विद्यार्थ्यांचा गट. मनुष्य आला की त्याचे नाव गटात घालावे, गेला की काढावे. यातले दुसरे काम सहसा विसरले जाते, आणि निघून गेलेल्या माणसाची किल्ली वर्षानुवर्षे चालत राहते.

प्रिंटरचे शास्त्र कपाटाहून थोडे वेगळे. कपाट एका वेळी अनेकांना उघडता येते, पण कागदावर एका वेळी एकाचेच काम उमटते. म्हणून येथे रांग आली. छापण्याची आज्ञा दिली की मजकूर प्रथम सर्व्हरवर साठतो आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतो. पुढच्याचे काम अडले की मागचे सर्व खोळंबतात. आणि ते अडण्याचे एक कारण तर फारच क्षुल्लक असते. पुष्कळ संगणक-कार्यक्रम अमेरिकी ‘लेटर’ कागद गृहीत धरतात. तो २१६ मिलिमीटर रुंद व २७९ मिलिमीटर लांब असतो. आपल्याकडचा ‘ए-चार’ कागद २१० रुंद व २९७ लांब. आज्ञेत पहिला, पेटीत दुसरा, अशी गाठ पडली की यंत्र कधीही न येणाऱ्या कागदाची वाट पाहत उभे राहते. प्रश्नपत्रिकांसारखा गोपनीय मजकूर असेल तर रांगेची आणखी एक सोय उपयोगी पडते. पाठविणारा स्वतः यंत्रापाशी जाऊन आपला संकेतांक देईपर्यंत कागद बाहेरच पडत नाही.

निरनिराळ्या बनावटीचे संगणक एकमेकांशी बोलतात तरी कसे? त्यासाठी सामाईक भाषा लागते. विंडोजच्या जगात या भाषेला ‘एस. एम. बी.’ म्हणतात, आणि बराच काळ तिचे पुरते व्याकरण बाहेरच्यांना मिळत नव्हते. १९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या साध्या संगणकावरून विभागातील युनिक्स यंत्राची साठवण वापरायची होती. त्याने तारेवरून जाणाऱ्या प्रश्नोत्तरांकडे कान लावला. कोणत्या मागणीला कोणते उत्तर येते हे टिपून त्याने ती बोली शिकून घेतली. चिकपेटेत नव्याने आलेला परप्रांतीय गडी गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे बोलणे ऐकूनच कानडी शिकतो, तशीच ही रीत. शब्दकोशात ‘एस’, ‘एम’ आणि ‘बी’ ही अक्षरे त्याच क्रमाने असलेला शब्द शोधून पुढे त्या कार्यक्रमाला ‘सांबा’ हे नाव मिळाले. त्याने तो सर्वांसाठी खुला ठेवला. युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला व या भाषेची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. २००७ साली न्यायालयाने तो निर्णय कायम केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते व्याकरण ‘सांबा’च्या कार्यकर्त्यांच्या हाती आले.

जोडलेले असण्याची दुसरी बाजूही आहे. ज्या वाटेने फाइल जाते त्याच वाटेने रोगही जातो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी कार्यक्रम एस. एम. बी.च्या जुन्या आवृत्तीतील भगदाडातून जगभर पसरला. फाइलींना कुलूप लावून तो खंडणी मागत असे. ते भगदाड बुजविणारी दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती केली नव्हती त्यांना फटका बसला. विभागाच्या कपाटात लिहिण्याचा अधिकार सर्वांना असेल, तर अशा वेळी एका संगणकाचा रोग सर्वांच्या कामाला ग्रासतो.

म्हणून सामाईक कपाट म्हणजे सुरक्षित तिजोरी, हा समज सोडला पाहिजे. संशोधकाच्या चार वर्षांच्या नोंदी त्या एकाच ठिकाणी असतील, तर त्या असूनही नसल्यासारख्याच. जाणत्यांचा नियम असा, की महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी त्या इमारतीबाहेर असावी. शिवाय कपाटाची देखभाल कोणाकडे, नवी किल्ली कोण देतो, जुनी कोण काढून घेतो आणि प्रती सुस्थितीत आहेत हे कोण पडताळून पाहतो, हे विभागाने कागदावर लिहून ठेवावे. एका पानात मावेल एवढेच हे काम आहे. सर्वांची म्हणून जी वस्तू असते ती सहज कोणाचीच राहत नाही, हा गावच्या पाणवठ्यापासूनचा अनुभव आहे. संगणकाच्या जाळ्याने तो नियम बदललेला नाही. तो अधिक निकडीचा मात्र केला आहे.