टरची शिकार आणि शिकारीचा हक्क

कॅनडाच्या अगदी पूर्वेला असलेल्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर या प्रांतात दर हिवाळ्यात समुद्रपक्ष्यांची जी शिकार होते, ती उत्तर अमेरिकेच्या वन्यजीव कायद्यातील एक जुना आणि वादग्रस्त अपवाद आहे. ज्या पक्ष्याची शिकार होते त्याला तेथील लोक 'टर' म्हणतात. काळी पाठ, पांढरे पोट, किलोभर वजन, पाण्याखाली पंखांनीच पोहत मासे पकडण्याची सवय, असा हा पक्षी. त्याच्या दोन जाती असून हिवाळ्यात बंदुकीला मुख्यतः जाड चोचीची जात बळी पडते. प्रांताचा रहिवासी हा पक्षी खाण्यासाठी मारू शकतो, परंतु विकू शकत नाही. आणि जो रहिवासी नाही, मग तो टोरांटोचा असो की बोस्टनचा, त्याला टरवर बंदूक रोखण्याची परवानगीच नाही. त्याच किनाऱ्यावर, त्याच प्रकारच्या बोटीतून, परवाना काढलेला बाहेरचा माणूस समुद्री बदकांची शिकार करू शकतो. मग टरपुरतीच परक्याला बंदी का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

या बंदीचे मूळ पक्षिप्रेमापेक्षा राजकीय इतिहासात अधिक आहे. १९१६ साली ब्रिटनने कॅनडाच्या वतीने अमेरिकेशी स्थलांतरित पक्ष्यांविषयी करार केला आणि त्यात टरच्या कुळाला शिकारीपासून संरक्षण मिळाले. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हता. १९४९ साली तो कॅनडात सामील झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात टर खाणारा कोळी कागदोपत्री एका दिवसात गुन्हेगार ठरला. पुढे १९५० च्या दशकात नियमांत सवलत देऊन ही विसंगती झाकण्यात आली खरी, परंतु मूळ करारात तिला आधार नव्हता. तो आधार १९९५ साली झालेल्या करारदुरुस्तीने दिला आणि ती दुरुस्ती १९९९ पासून अमलात आली. आदिवासी समाजांचे शिकारीचे हक्क त्याच दुरुस्तीत वेगळे मान्य झाले. टरचा अपवाद मात्र आदिवासी नसलेल्यांसाठी, केवळ या एका प्रांतात राहतात एवढ्याच कारणाने दिलेला आहे, आणि म्हणूनच तो लक्षणीय आहे.

स्थानिक माणूस निसर्ग राखतो आणि बाहेरचा तो ओरबाडतो, असा युक्तिवाद या बंदीच्या बाजूने सहज केला जातो. त्याला इतिहासाचा काही आधार आहे. न्यूफाउंडलंडच्या ईशान्येकडील फंक बेटावर उडता न येणाऱ्या महाऑक पक्ष्यांची प्रचंड वसाहत होती. १५३४ साली जाक कार्तिए याच्या खलाशांनी तेथून होड्या भरून पक्षी नेले, युरोपीय मासेमारी जहाजांनी पुढची अडीच शतके तोच कित्ता गिरवला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पिसांच्या व्यापाराने उरलेसुरले पक्षी संपवले. परंतु टरच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत या प्रांतात दर हिवाळ्याला काही लाख टर मारले जात होते, आणि मारणारे सगळे घरचेच होते. वेगवान बोटी, चांगल्या बंदुका आणि कायद्याला चुकवून चालणारी विक्री यांमुळे घरच्या जेवणाची शिकार धंद्याच्या आकाराला पोहोचली होती. १९९० च्या दशकात किनाऱ्याचे चार विभाग करून प्रत्येकाचा हंगाम वेगळा ठरवला गेला, दिवसाला २० आणि जवळ बाळगण्यास ४० पक्षी अशी मर्यादा आली, तेव्हा कुठे मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या निम्म्याच्या आसपास उतरली.

ही मर्यादा किती नाजूक आहे हे पक्ष्याच्या जीवनक्रमावरून कळते. टरची मादी उभ्या कड्याच्या उघड्या दगडावर वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू सुमारे तीन आठवड्यांचे होताच, धड उडता येत नसताना, कड्यावरून समुद्रात झेप घेते आणि पुढचे काही आठवडे बापाच्या सोबतीने पोहत दक्षिणेकडे निघते. असे पिल्लू स्वतः अंडे घालण्याच्या वयाला येईपर्यंत पाचएक वर्षे जातात. वर्षाला अनेक अंडी घालणारे बदक शिकारीची तूट त्या मानाने लवकर भरून काढू शकते, टर काढू शकत नाही. त्यामुळे बदकाला लागू पडणारा परवान्यांचा हिशेब त्याला लागू पडत नाही.

शिवाय हा पक्षी 'स्थानिक' नाहीच. न्यूफाउंडलंडच्या पाण्यात हिवाळा काढणारे बहुसंख्य टर कॅनडाच्या आर्क्टिक भागातील आणि पश्चिम ग्रीनलंडमधील कड्यांवर जन्मतात. ग्रीनलंडमध्ये वसाहती रोडावल्यामुळे तेथील शिकाऱ्यांवरही निर्बंध आले. एका किनाऱ्याने पाळलेला संयम दुसऱ्या किनाऱ्यावर वाया जाऊ शकतो, म्हणून पाणी आमचे तर पक्षी आमचे, हे समीकरण येथे चालत नाही.

बंदूक न उचलता पक्षी मारणारा परका मात्र आणखी वेगळा आहे. अटलांटिक ओलांडणारी जहाजे तळाशी साठलेले तेलकट पाणी न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला समुद्रात सोडून देत असत. तेलाने पिसांतील हवेचा थर मोडला की थंडगार पाण्यात पक्षी गारठून मरतो. १९९८ ते २००० या हिवाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी अशा मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे तीन लाख, म्हणजे टर आणि त्याच कुळातील लहान डवकी मिळून, असा दिला. २००५ साली कॅनडाने कायदा कडक केला. शिकारीच्या परवान्यांवर वर्षानुवर्षे घासाघीस करणाऱ्या यंत्रणेने या संथ कत्तलीकडे इतक्या उशिरा पाहावे, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

रहिवास हा निकष लावल्याने सर्वांत मोठा अन्याय ज्याच्यावर होतो तो शौकीन पर्यटक नव्हे. २ जुलै १९९२ रोजी कॉड माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली, सुमारे ३०,००० लोकांची उपजीविका बुडाली आणि गावेच्या गावे कामासाठी अल्बर्टाच्या तेलक्षेत्राकडे निघाली. ज्याचे लहानपण हिवाळी समुद्रात उघड्या होडीत, बापाने पाडलेला टर लांब दांड्याच्या जाळीने उचलण्यात गेले, घरी पिसे उपटून, उरलेली लव आगीवर जाळून, कांदा आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीबरोबर भाजलेला टर ज्याने रविवारच्या जेवणात खाल्ला, तो अल्बर्टाचा रहिवासी झाला की नाताळात घरी येऊन कायद्याने परका ठरतो. आणि गेल्या वर्षी टोरांटोहून राहायला आलेला मनुष्य हक्कदार होतो.

अन्यत्र हा निकष निराळा आहे. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील तीती बेटांवर, काळसर शिअरवॉटर या पक्ष्याची पिल्ले दरवर्षी १ एप्रिल ते ३१ मे या काळात पकडण्याचा हक्क राकिउरा माओरींच्या वंशजांचा आहे. राकिउरा बेटाच्या १८६४ च्या विक्रीखतात तो राखून ठेवला गेला आणि वंशज जगात कोठेही राहिला तरी तो बुडत नाही. स्कॉटलंडमध्ये लुईस बेटाच्या नेस भागातील माणसे सुला स्गेर या खडकावर गॅनेटची पिल्ले मारतात, पण तो हक्क ठरावीक आकड्याच्या सरकारी परवान्यावर चालतो: पूर्वी २,०००, आणि बर्ड फ्लूच्या साथीमुळे शिकार काही वर्षे थांबल्यानंतर २०२५ साली केवळ ५००.

या तिन्हींत नेसची पद्धत पक्ष्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तेथे एकूण आकडा आधी ठरतो आणि कोण मारणार हा प्रश्न नंतर येतो. न्यूफाउंडलंडमध्ये माणशी मर्यादा आहे, परंतु हंगामाचा एकूण आकडा बांधलेला नाही. अशा व्यवस्थेत दार उघडले तर प्रत्येक नवा परवाना म्हणजे दिवसाला आणखी २० पक्षी. पैसे मोजून येणारा शिकारी आला की वाटाड्या, होडी आणि मुक्काम यांचा धंदा उभा राहतो, आणि विक्रीबंदीने महत्प्रयासाने बाहेर काढलेला पैसा मागच्या दाराने परत येतो. परक्याला मज्जाव करण्याचे सबळ कारण एवढेच आहे. ते अल्बर्टाहून घरी येणाऱ्याला लागू पडत नाही. त्याला कुटुंबाच्या वाट्यातून, म्हणजे घरातील रहिवाशाच्याच दैनिक मर्यादेत, शिकार करू देता येईल आणि पक्ष्यांची संख्या त्याने ढळणार नाही. मात्र एवढ्या बदलालाही प्रांताची विधानसभा पुरेशी नाही. टरचा हक्क रहिवाशांपुरता करारातच बांधलेला असल्याने ओटावा आणि वॉशिंग्टन या दोघांनाही पुन्हा एकत्र बसावे लागेल, आणि मागच्या वेळी एवढ्यासाठी १९४९ पासून १९९९ पर्यंत पन्नास वर्षे गेली होती.