फोटो काढायला गेलेले विमान

लढाईत विमान बॉम्ब टाकते हे सर्वांना माहीत आहे. पण काही विमाने फोटो काढायला जातात, हे मला यंदाच कळले. 26 जुलैला कारगिल विजय दिवस होता. परिपाठात गुरुजींनी स्क्वाड्रन लीडर अजय अहुजा यांची गोष्ट सांगितली. मला ती अर्धीच समजली. म्हणून संध्याकाळी मी आमच्या शेजारच्या आजोबांकडे गेलो. ते लष्करात होते, त्यांना सगळे फौजी आजोबाच म्हणतात.

मी विचारले, "लढाईत फोटो कशाला? फोटो तर लग्नात काढतात."

आजोबा हसले. म्हणाले, "शनिवारी आपल्या काष्टीला जनावरांचा बाजार भरतो. तू मधे उभा राहिलास तर तुला काय दिसतं?"

मी म्हणलं, "बैलांच्या शेपट्या."

"आन् पाण्याच्या टाकीवरून?"

टाकीवरून सगळा बाजार दिसेल. बैल कुठे, म्हशी कुठे, टेम्पो कोणत्या वाटेने आले, सगळे. (टाकीवर चढायला आम्हाला बंदी आहे, मी चढलेलो नाही.) तसेच विमानातून शत्रूचे तंबू, तोफा आणि वाटा दिसतात. डोळ्यांनी बघितलेले विसरते, फोटो मात्र टेबलावर ठेवून भिंगाने पुन्हा पुन्हा बघता येतो.

फोटोत सावली फार कामाची असते. वरून बघितले तर डबा आणि झाकण सारखेच दिसते, पण उंच वस्तूची सावली लांब पडते. बर्फावरून माणसे चालली की पायवाट उमटते. आणखी एक युक्ती आहे. एकाच जागेचे दोन फोटो थोडे पुढेमागे काढतात. एक फोटो एका डोळ्याने आणि दुसरा दुसऱ्या डोळ्याने बघायचे यंत्र असते. त्यातून बघितले की डोंगर वर आलेला आणि दरी खोल गेलेली दिसते. मला हे पटेना. तेव्हा आजोबांनी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला लावला. सात वेळा चुकला. दोन्ही डोळे उघडल्यावर लगेच ओवला!

पण फोटो काढणाऱ्या विमानाला धोका फार. फोटो नीट यायला विमान सरळ चालवावे लागते, इकडेतिकडे वळवता येत नाही. मग खालच्या माणसाला नेम धरणे सोपे जाते. आणि त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असे. विमान घरी आले तरच फोटो मिळायचा.

आता अहुजांची गोष्ट सांगतो. ते राजस्थानातल्या कोट्याचे. शिकायला मात्र ते आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीत होते. हवाई दलाच्या 17 नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये ते मिग-21 विमान चालवत. 27 मे 1999 रोजी ते कारगिलच्या डोंगरात फोटो काढायच्या कामगिरीवर होते. त्याच वेळी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-27 विमानाचे इंजिन बंद पडले आणि ते पॅराशूटने खाली उतरले. ते कुठे पडले हे कळले तरच त्यांना सोडवायला जाता येणार होते. खाली शत्रूकडे खांद्यावरून सोडायची क्षेपणास्त्रे आहेत हे अहुजांना माहीत होते. असे क्षेपणास्त्र विमानाच्या गरम धुराड्याच्या मागे लागते. तरी ते परत फिरले नाहीत, नचिकेतांना शोधत तिथेच घिरट्या घालत राहिले. त्यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागले. तेही पॅराशूटने उतरले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचे पार्थिव आपल्याकडे दिले गेले. अंगावर गोळ्यांच्या जखमा होत्या. सरकारने त्यांना वीरचक्र दिले. नचिकेतांना शत्रूने पकडले होते, ते 3 जूनला सुटले.

हे मी घरी सांगितले. आजी म्हणाली, "आरं, त्याला फोटो काढायला धाडलं व्हतं ना? मग काम करून घरी यायचं. त्याची बी आई वाट बघत आसंल." मला वाटते, मी खाली पडलो असतो तर कुणी तरी वर घिरट्या घालाव्यात असेच मला वाटले असते. आजीला तसे म्हणलो, तर ती काही बोलली नाही. आमचा दादा लष्कराच्या भरतीसाठी पहाटे पाचला पळायला जातो. आई त्या दिवशी भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "दादाला सांगितलंस का ही गोष्ट?" मी अजून सांगितलेली नाही.

मिग-21 जातीची पुष्कळ विमाने आपल्या नाशिक जिल्ह्यात ओझरच्या कारखान्यात बनली. 26 सप्टेंबर 2025 रोजी ती हवाई दलातून निवृत्त झाली.

1999 साली अहुजांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख बी. एस. धनोआ होते. ते पुढे हवाई दल प्रमुख झाले. 27 मे 2019 रोजी, वीस वर्षांनी, त्यांनी पंजाबात भिसियाना विमानतळावरून स्वतः मिग-21 उडवून अहुजांना मानवंदना दिली. या मानवंदनेत विमाने बाणासारखी उडतात आणि मध्ये एका विमानाची जागा रिकामी ठेवतात. खालचे चित्र त्याचेच आहे. मधली जागा मी चुकून सोडलेली नाही. तिथे कुणी विमान काढू नये.

– इयत्ता 4 थी