एकाच तारेतून संदेश आणि वीज

संदेश आणि वीज ह्या दोहोंचे वहन निरनिराळ्या तारांनी व्हावयास हवे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः ही समजूत टेलिफोनने फार पूर्वीच खोटी ठरविली आहे. जुन्या टेलिफोन यंत्राला घरातील विजेची जोडणी लागत नसे. केंद्रातील ४८ व्होल्टच्या संचायक घटमालेतून निघणारा प्रवाह ज्या दोन तारांनी घरापर्यंत येई, त्याच तारांवरून बोलणेही जात असे. घरातील दिवे गेले तरी टेलिफोन चालू राही, ह्याचे कारण हेच होय. हेच तत्त्व संगणकांच्या जालाला लावल्यास काय साध्य होते, आणि नागपूरसारख्या उष्ण शहरात त्याला कोणत्या मर्यादा पडतात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नागपुरात ‘सुरक्षित व स्मार्ट शहर’ योजनेखाली सुमारे ७०० ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे बसविण्यात आले. अशा व्यवस्थेतील कॅमेरा हा एक लहानसा संगणकच असतो. त्याने टिपलेले चित्र अंकांच्या रूपाने ईथरनेट जालावरून नियंत्रण केंद्राकडे जाते. खांबावर उंच बसविलेल्या अशा प्रत्येक कॅमेऱ्याला २३० व्होल्टची स्वतंत्र जोडणी द्यावयाची म्हटले, तर खर्च वाढतो, पावसाळ्यात धोका वाढतो आणि दुरुस्तीही अवघड होते. म्हणून संदेशाच्या केबलमधूनच वीज पुरविण्याची पद्धती अशा कामी सर्वत्र रूढ झाली आहे.

पद्धतीचा उगम व मानके

२००० साली सिस्को कंपनीने आपल्या टेलिफोन यंत्रांसाठी अशी एक व्यवस्था बाजारात आणली होती. तथापि निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी जुळावीत ह्यासाठी सर्वमान्य मानकाची आवश्यकता होती. ‘आयईईई’ ह्या अभियंत्यांच्या संस्थेने ते २००३ साली प्रसिद्ध केले. त्यानुसार पुरवठा करणाऱ्या स्विचने प्रत्येक केबलला १५.४ वॅटपर्यंत शक्ती द्यावयाची व दुसऱ्या टोकाच्या यंत्राने १२.९५ वॅटपर्यंत घ्यावयाची असे ठरले. २००९ साली हे आकडे अनुक्रमे ३० व २५.५ वॅट असे वाढविण्यात आले. २०१८ च्या मानकात केबलमधील चारही जोड्यांचा उपयोग करून ही मर्यादा ९० व ७१.३ वॅटपर्यंत नेण्यात आली.

दिलेली व मिळालेली शक्ती ह्यांतील अंतर कोठे जाते, हा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर तारेच्या रोधात आहे. पहिल्या मानकात १०० मीटर केबलचा जाण्यायेण्याचा एकूण रोध अधिकांत अधिक २० ओहम धरला होता व प्रवाह ०.३५ अँपियर. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणिले असता २.४५ वॅट येतात, १५.४ मधून ते वजा केले की १२.९५ उरतात. दुसऱ्या मानकात अधिक चांगली केबल गृहीत धरून रोध १२.५ ओहम व प्रवाह ०.६ अँपियर घेतला आहे, तेथे ४.५ वॅटांची घट येऊन २५.५ वॅट उरतात. तात्पर्य, मानकातील हे चमत्कारिक वाटणारे आकडे केवळ ओहमच्या नियमातून निघालेले आहेत.

विद्युत्दाब ४८ व्होल्टच्या आसपास का ठेवला, हेही ह्यावरूनच समजते. तेवढीच १२.९५ वॅट शक्ती १२ व्होल्टने न्यावयाची झाल्यास प्रवाह १ अँपियरहून अधिक लागेल आणि २० ओहमच्या तारेतच २१ व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडावा लागेल. म्हणजे ही गोष्टच अशक्य आहे. उलट दाब फार वाढविला तर स्पर्श धोक्याचा ठरतो. एकदिश प्रवाहाच्या बाबतीत ६० व्होल्टपर्यंतचा दाब सामान्यतः सुरक्षित मानण्यात येतो. म्हणून मानकाने वरची मर्यादा ५७ व्होल्ट ठेविली आहे.

संदेश व वीज परस्परांत मिसळत कसे नाहीत?

ईथरनेट केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीच्या दोन्ही टोकांस एक लहानसे रोहित्र असते. संदेश हा जोडीतील दोन तारांच्या दाबांमधील फरकाच्या रूपाने जातो. विजेचा प्रवाह मात्र रोहित्राच्या वेटोळ्याच्या मध्यबिंदूतून सोडला जातो. तेथून तो जोडीच्या दोन्ही तारांत समसमान विभागून एकाच दिशेने वाहतो व दुसऱ्या जोडीवाटे परत येतो. दोन्ही तारांचा दाब सारखाच वाढल्यामुळे त्यांमधील फरक बदलत नाही. शिवाय वेटोळ्याच्या दोन अर्धांतून प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी जात असल्याने गाभ्यातील चुंबकत्व एकमेकांस छेदते. अर्थात, दोन तारांचे रोध समान असतील तरच हे घडते. एका तारेचा जोड सैल असला, तर प्रवाह विषम विभागला जातो, गाभा चुंबकित होतो आणि चित्रात व्यत्यय येऊ लागतो.

देण्यापूर्वी ओळख

विजेची अपेक्षा नसलेले एखादे साधे यंत्र त्याच केबलला जोडले गेले तर ते जळेल, अशी शंका येईल. तिचे निरसन मानकाने मोठ्या चातुर्याने केले आहे. स्विच प्रथम पूर्ण दाब देतच नाही. तो २.८ ते १० व्होल्टांच्या दरम्यान दोन वेगवेगळे दाब लावून प्रवाह मोजतो. दाबांतील फरकास प्रवाहांतील फरकाने भागिले असता दुसऱ्या टोकाचा रोध कळतो. एकच माप न घेता दोन मापे घेण्याचे कारण असे की, यंत्राच्या मुखाशी असलेल्या डायोडमुळे होणारी दाबाची घट दोन्ही मापांत सारखीच असल्याने वजाबाकीत नाहीशी होते. हा रोध सुमारे २५,००० ओहम आढळला, तरच दुसऱ्या टोकाला योग्य यंत्र आहे असे मानले जाते. त्यानंतर १५.५ ते २०.५ व्होल्ट लावून ते यंत्र किती शक्ती मागणाऱ्या वर्गातील आहे हे पाहिले जाते, आणि मगच पूर्ण दाब दिला जातो. यंत्र काढून घेतल्यावर प्रवाह थांबतो. ही स्थिती सुमारे ०.४ सेकंद टिकली की स्विच पुरवठा बंद करतो.

नागपूरचा उन्हाळा आणि तारेचा धातू

आतापर्यंतचे विवेचन सर्व शहरांस सारखेच लागू आहे. नागपूरची परिस्थिती मात्र काही बाबतींत अधिक कठीण आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तपमान नोंदले गेले. उन्हात तापलेल्या लोखंडी खांबाच्या पोकळीतील हवा त्याहूनही उष्ण असू शकते. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २० अंशांवरून ६० अंशांवर गेल्यास तो सुमारे १६ टक्के वाढतो.

शुद्ध तांब्याच्या नेहमीच्या केबलचा १०० मीटरचा रोध २० अंशांवर फार तर ९.४ ओहमच्या आसपास असतो. ६० अंशांवर तो १०.९ ओहम होईल. स्विचचा दाब किमान ५० व्होल्ट व प्रवाह ०.६ अँपियर धरल्यास केबलमध्ये ६.५ व्होल्ट खर्ची पडून कॅमेऱ्यास ४३.५ व्होल्ट मिळतात. २००९ च्या मानकाप्रमाणे यंत्राला किमान ४२.५ व्होल्ट हवेत. तेव्हा शुद्ध तांब्याची केबल नागपूरच्या उन्हाळ्यातही आपली कसोटी उतरते, परंतु जेमतेमच.

बाजारात ह्याहून स्वस्त अशी एक केबल मिळते. तिच्या तारा ॲल्युमिनियमच्या असून त्यांवर तांब्याचा केवळ पातळ मुलामा असतो. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा अधिक, म्हणजे १०० मीटरला सुमारे १४.५ ओहम पडतो. २० अंशांवरसुद्धा ह्या केबलच्या टोकास ४१.३ व्होल्टच मिळतील, आणि ६० अंशांवर ४० व्होल्टही मिळणार नाहीत. मानके अशा केबलला मान्यता देत नाहीत, ती ह्याच कारणास्तव.

ह्या दोषाचे खरे गांभीर्य त्याच्या वेळेत आहे. दिवसा कॅमेऱ्याची मागणी कमी असते, म्हणून सदोष केबलवरही तो व्यवस्थित चालतो आणि तपासणीत उत्तीर्ण होतो. अंधार पडल्यावर त्यातील अवरक्त दिवे लागतात, मागणी वाढते, दाब घसरतो व कॅमेरा बंद पडतो. बंद पडताच मागणी नाहीशी होऊन दाब पूर्ववत् होतो, कॅमेरा पुन्हा सुरू होतो आणि दिवे लागताच पुन्हा बंद पडतो. हा क्रम रात्रभर चालू राहतो. सकाळी पाहणाऱ्यास कॅमेरा चालूच दिसतो. परंतु ज्या रात्रीच्या अपघाताचे चित्र हवे असते, नेमके तेच उपलब्ध नसते.

वादळ, वीज आणि संचायक

मॉन्सूनपूर्व वादळांत विदर्भात आकाशातील विजेचा उपद्रव होतो. खांबाखांबांमध्ये तांब्याची तार असल्यास तिच्यावाटे दाबाचा लोंढा एका यंत्रातून दुसऱ्यात शिरतो. काचतंतू विद्युत्‌वाहक नसल्याने त्यातून असा लोंढा जात नाही. म्हणून चौकातील पेटीपर्यंत काचतंतू व पेटीपासून कॅमेऱ्यापर्यंत तांब्याची आखूड केबल, अशी विभागणी योग्य ठरते. १०० मीटरची मर्यादाही ह्यामुळे आपोआप पाळली जाते.

ह्या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वीज गेल्यावर प्रत्ययास येतो. प्रत्येकी १२ वॅटचे चार कॅमेरे, त्यांच्या केबलमधील घट व स्वतः स्विच मिळून ६५ वॅटांची मागणी आहे असे समजू. पेटीतील १२ व्होल्ट, १०० अँपियर-तासांच्या संचायकाची निम्मीच शक्ती वापरली व रूपांतरात १५ टक्के घट धरली, तरी चारही कॅमेरे साडेसात तासांहून अधिक काळ चालतील. खांबावर वेगवेगळे चार संचायक ठेवण्याची गरज उरत नाही.

तेव्हा अशी व्यवस्था उभारताना कॅमेऱ्याच्या किमतीइतकेच लक्ष केबलच्या धातूकडे दिले पाहिजे. तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरी धातू दिसल्यास ती केबल नाकारावी. जोडणी झाल्यावर रोध मोजून तो नोंदवून ठेवावा, आणि अंतिम चाचणी रात्री, सर्व दिवे लागलेले असताना घ्यावी. ह्या साध्या गोष्टींस वेळ थोडा लागतो. पण दिवसा डोळा उघडा ठेवून रात्री मिटणारा कॅमेरा चौकात टांगून ठेवण्याची नामुष्की त्यांनी टळते.